द्रावणाची मोलॅरिटी: बाटलीवरच्या लेबलपासून ब्युरेटच्या रीडिंगपर्यंत

मोलॅरिटीचं गणित म्हणजे एक भागाकार. द्राव्याचे मोल भागिले तयार द्रावणाचे लिटर, झालं. तरीही अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला आणि पुढे बी.एस्सी.लाही उत्तरं चुकतात. भागाकार क्वचितच चुकतो. चूक त्याच्या आधी झालेली असते: बाटलीवरचं सूत्र नीट वाचलेलं नसतं, पाणी भलत्या वेळी मोजलेलं असतं, किंवा मिलीचे लिटर करायचे राहून गेलेले असतात. म्हणून या लेखात सूत्रावर कमी आणि त्याच्या अलीकडच्या कामावर जास्त भर दिला आहे. कागद, पेन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवत पुढे गेलात तरच ते हाती लागेल.

मोल म्हणजे नक्की किती

मोल ही पदार्थातले कण मोजायची संख्या. २० मे २०१९ पासून ती नेमकी ठरवलेली आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. एवढे कण कोणी मोजत बसत नाही, आपण वजन करतो. पदार्थाचं रेणुवस्तुमान जितकं, तितके ग्रॅम घेतले की एक मोल होतो. मिठाचं, म्हणजे सोडियम क्लोराइडचं, रेणुवस्तुमान सोडियमचे २२.९९ आणि क्लोरीनचे ३५.४५ मिळून ५८.४४. तेव्हा ५८.४४ ग्रॅम मीठ म्हणजे एक मोल. ते पाण्यात विरघळवून द्रावणाचं एकूण आकारमान एक लिटर केलं, की ते एक मोलर द्रावण.

दवाखान्यातल्या सलाइनवर हे लगेच पडताळून पाहता येतं. नॉर्मल सलाइन ०.९ टक्के असतं, म्हणजे १०० मिलीत ०.९ ग्रॅम, एक लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ. ९ भागिले ५८.४४ म्हणजे ०.१५४ मोल प्रति लिटर, अर्थात १५४ मिलिमोल. सलाइनच्या बाटलीवर सोडियम १५४ आणि क्लोराइड १५४ असं का छापलेलं असतं, ते आता तुम्हाला स्वतःच्या गणितातून कळलं. बाटली ५०० मिलीची असली तरी हा आकडा बदलत नाही. द्रावण कमी असेल तर मीठही त्याच प्रमाणात कमी असतं.

पहिली पायरी: बाटलीवरचं लेबल पूर्ण वाचा

माझ्या मते सगळ्यात मोठ्या चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू. प्रयोगशाळेतली ऑक्झॅलिक ॲसिडची बाटली हातात घ्या. नावाखाली सूत्र असतं, आणि सूत्राच्या शेवटी एक ठिपका देऊन पाण्याचे दोन रेणू लिहिलेले असतात. हे स्फटिकजल. बाटलीतले पांढरे खडे कोरडे दिसतात, हाताला ओल लागत नाही, पण प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बांधलेले असतात, आणि तुमचा तराजू त्यांचंही वजन करतो.

नुसत्या ऑक्झॅलिक ॲसिडचं रेणुवस्तुमान असं येतं: दोन कार्बनचे २४.०२, दोन हायड्रोजनचे २.०२, चार ऑक्सिजनचे ६४.००, एकूण ९०.०४ च्या आसपास. त्यात पाण्याच्या दोन रेणूंचे ३६.०३ मिळवले की होतात सुमारे १२६.०७. लेबलवरही हाच आकडा सापडेल. तुमच्या बेरजेत आणि लेबलमध्ये दुसऱ्या दशांश स्थळावर फरक दिसला तर घाबरू नका. अणुवस्तुमानं किती अंकांपर्यंत घेतली, यावर तो अवलंबून असतो.

आता कोणी ९० धरून हिशोब केला तर काय होईल? २५० मिली ०.०५ मोलर द्रावणासाठी ०.०१२५ मोल लागतात. ९० ने गुणून तो १.१२५ ग्रॅम घेईल. पण बाटलीत पाण्यासकटचा पदार्थ आहे, त्यामुळे खरे मोल १.१२५ भागिले १२६.०७ म्हणजे ०.००८९ एवढेच पडतील, आणि द्रावण ०.०५ ऐवजी ०.०३५७ मोलर होईल. जवळजवळ २९ टक्के कमी! पुढचं टायट्रेशन (माहीत असलेल्या द्रावणावरून दुसऱ्याची मोलॅरिटी काढण्याची रीत) कितीही काळजीने केलं तरी ही तूट भरून निघत नाही.

मोरचुदाचंही तसंच. निळ्या स्फटिकांमध्ये कॉपर सल्फेटबरोबर पाण्याचे पाच रेणू असतात आणि रेणुवस्तुमान २४९.७ येतं. तापवून पांढरी झालेली भुकटी घेतली तर ते १५९.६. बाटलीत जे आहे, त्याचं रेणुवस्तुमान घ्यायचं. पुस्तकात काय लिहिलंय ते नंतर.

दुसरी पायरी: लागणारे ग्रॅम काढा

सूत्र उलटं फिरवायचं. लागणारे ग्रॅम म्हणजे मोलॅरिटी गुणिले लिटरमधलं आकारमान गुणिले रेणुवस्तुमान. आपल्या ऑक्झॅलिक ॲसिडसाठी ०.०५ गुणिले ०.२५० गुणिले १२६.०७, म्हणजे १.५७६ ग्रॅम. इथे २५० मिलीचे ०.२५० लिटर आधीच करून घेतले. ही सवय लावून घ्या. मिली तसेच गुणून शेवटी हजाराने भागू म्हणणाऱ्यांचा हजार बऱ्याचदा विसरतो.

तिसरी पायरी: वजन, आणि मगच फ्लास्क

वॉच ग्लासवर नेमके १.५७६ ग्रॅम यावेत म्हणून चिमटीने एकेक कण काढत-टाकत बसणारे विद्यार्थी दर वर्षी दिसतात. त्याची गरज नाही. १.५७६ च्या जवळपास घ्या, पण तराजूने जो आकडा दाखवला तो शेवटच्या अंकासकट जर्नलमध्ये लिहा. समजा १.५९२ ग्रॅम आले. मग मोल झाले १.५९२ भागिले १२६.०७, म्हणजे ०.०१२६३. भागिले ०.२५०, म्हणजे मोलॅरिटी ०.०५०५. हे द्रावण ०.०५ इतकंच चांगलं आहे, कारण त्याची मोलॅरिटी तुम्हाला ठाऊक आहे. स्टँडर्ड द्रावण म्हणजे गोल आकड्याचं नव्हे, खात्रीच्या आकड्याचं द्रावण.

पुढचं काम शांतपणे करायचं. वॉच ग्लासवरचा पदार्थ फनेलमधून २५० मिलीच्या स्टँडर्ड फ्लास्कमध्ये सोडा. वॉश बॉटलने वॉच ग्लास धुवा, फनेल आतून-बाहेरून धुवा, आणि ते धुतलेलं पाणीही फ्लास्कमध्येच जाऊ द्या. काचेला चिकटून राहिलेला एक बारीक खडासुद्धा तुमच्या आकड्यातून वजा होणार असतो. फ्लास्क साधारण अर्धा भरेल इतकं डिस्टिल्ड वॉटर घाला, गोल फिरवत हलवा, सगळं विरघळू द्या. पूर्ण विरघळल्याशिवाय खुणेपर्यंत पाणी भरू नका. मग पाणी मानेपर्यंत आणा आणि शेवटचे थेंब ड्रॉपरने टाका. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो. त्या खोलग्याचा तळ मानेवरच्या रेषेला टेकला पाहिजे, आणि तुमचा डोळा त्याच उंचीवर पाहिजे. त्यासाठी वाका, फ्लास्क हातात उचलून डोळ्यांसमोर धरू नका, तो तिरपा होतो. शेवटी बूच लावून फ्लास्क अनेकदा उलटा-सुलटा करा. ही शेवटची गोष्ट बरेच जण टाळतात. मग तळाशी दाट आणि वर पातळ असं द्रावण राहतं, आणि एकाच फ्लास्कमधून पिपेटने (ठरावीक आकारमान मोजून घेण्याच्या नळीने) काढलेल्या दोन नमुन्यांची रीडिंग जुळत नाहीत.

पाणी रेषेच्या वर गेलं तर? पिपेटने जास्तीचं काढून टाकू नका. त्या पाण्याबरोबर द्राव्यही जातं. द्रावण ओतून पुन्हा सुरुवात करणं, एवढाच मार्ग आहे.

एक लिटर पाणी की एक लिटर द्रावण?

हे साखरेवर स्वयंपाकघरात करून पाहता येतं. साखरेचं रेणुवस्तुमान ३४२.३. मोजून एक लिटर पाणी घ्या, त्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवा आणि पुन्हा मोजा. सुमारे १.२ लिटर भरेल. म्हणजे एक मोल साखर १.२ लिटरमध्ये पसरली आणि द्रावण झालं ०.८३ मोलरच्या आसपास, एक मोलर नव्हे. एक मोलर हवं असेल तर साखर कमी पाण्यात विरघळवून मग एकूण आकारमान एक लिटर करायचं. विरल द्रावणात हा फरक लहान असतो, म्हणून तो लक्षात येत नाही. द्रावण दाट झालं की तो लपून राहत नाही.

तापमानाचाही थोडा वाटा असतो. फ्लास्कवर २० किंवा २७ अंश सेल्सिअस असं छापलेलं असतं. त्या तापमानाला रेषेपर्यंतचं आकारमान बरोबर असतं. २० वरून ३० अंशांवर गेल्यावर पाणी सुमारे पाव टक्का फुगतं. शाळा-कॉलेजच्या कामात तेवढं चालतं. मात्र नुकतंच विरघळवलेलं गरम द्रावण तसंच खुणेपर्यंत भरू नका, आधी निवू द्या.

ओआरएसचं पाकीट: आयनांची मोलॅरिटी

आतापर्यंत एकच पदार्थ होता. आता चार पदार्थांचं मिश्रण घेऊ, आणि यासाठी ओआरएसच्या पाकिटाइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार एक लिटरसाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम लागतं. एकूण २०.५ ग्रॅम.

एकेकाचे मोल काढू. मीठ २.६ भागिले ५८.४४, म्हणजे ४४.५ मिलिमोल. ग्लुकोज १३.५ भागिले १८०.१६, म्हणजे ७४.९. पोटॅशियम क्लोराइड १.५ भागिले ७४.५५, म्हणजे २०.१. सायट्रेटचं रेणुवस्तुमान स्फटिकजलासकट २९४.१, म्हणून २.९ भागिले २९४.१, म्हणजे ९.९.

आता पाण्यात गेल्यावर हे पदार्थ सुटे होतात, तेव्हा पदार्थ नव्हे, आयन, म्हणजे भार असलेले सुटे कण, मोजायचे. सोडियम दोन ठिकाणांहून येतो: मिठातून ४४.५, आणि सायट्रेटच्या प्रत्येक मोलमागे तीन, म्हणजे २९.६. बेरीज ७४.१, पाकिटावर गोल करून ७५. क्लोराइड मिठातून ४४.५ आणि पोटॅशियम क्लोराइडमधून २०.१, बेरीज ६४.६, म्हणजे ६५. पोटॅशियम २०, सायट्रेट १०, ग्लुकोज ७५. सगळे मिळून २४५, आणि पाकिटावर एकूण ऑस्मोलॅरिटीही (लिटरमागे विरघळलेल्या सगळ्या कणांचे मिलिमोल) हीच छापलेली असते.

अशा गणिताची एक पक्की तपासणी असते. द्रावणात धन आणि ऋण भार समान असलेच पाहिजेत. धन बाजूला सोडियम ७५ आणि पोटॅशियम २०, एकूण ९५. ऋण बाजूला क्लोराइड ६५ आणि सायट्रेट १०, पण सायट्रेटवर तीन ऋण भार असतात म्हणून ३०, एकूण ९५. जुळलं! क्षारांच्या कुठल्याही मिश्रणाचा हिशोब केल्यावर ही बेरीज करून पाहा. स्फटिकजल विसरलं किंवा तिनाने गुणायचं राहिलं, तर इथे सापडतं.

हाच हिशोब आणखी एक गोष्ट सांगतो, आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. एक लिटरचं अख्खं पाकीट कोणी २०० मिलीच्या पेल्यात कालवलं, तर सगळ्या संहती (लिटरमागची प्रमाणं) पाचपट होतात. सोडियम ७५ ऐवजी ३७५ मिलिमोल, सलाइनच्याही दुपटीपेक्षा जास्त. जुलाबाने आधीच पाणी गमावलेल्या बाळाच्या आतड्यात असं द्रावण गेलं तर ते आणखी पाणी ओढून घेतं आणि रक्तातला सोडियमही वाढू शकतो. २०० मिलीची छोटी पाकिटं वेगळी मिळतात. म्हणून पाकिटावर लिहिलेलं पाणी मोजूनच घ्या, आणि घरातल्या प्रत्येकाला ते सांगा.

टक्केवारी आणि घनतेवरून

संहत, म्हणजे दाट, हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या बाटलीवर मोलॅरिटी बहुधा नसते. तिथे वजनाने ३७ टक्के आणि घनता १.१८ असं लिहिलेलं असतं. एक लिटर घेतल्याची कल्पना करा. त्याचं वजन ११८० ग्रॅम. त्यातलं ३७ टक्के, म्हणजे ४३६.६ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. भागिले ३६.४६, म्हणजे सुमारे १२ मोलर. याच रीतीने ९८ टक्के आणि १.८४ घनतेचं सल्फ्युरिक ॲसिड १८.४ मोलर येतं. घनता विसरून ३७ टक्के म्हणजे लिटरमागे ३७० ग्रॅम असं धरलं, तर उत्तर १०.१ येतं आणि चुकतं.

त्यापासून ५०० मिली ०.१ मोलर द्रावण करायचं असेल तर पाणी घालण्याआधीचे आणि नंतरचे मोल सारखेच राहतात, या एकाच गोष्टीवर गणित उभं आहे. लागणारे मोल ०.१ गुणिले ०.५, म्हणजे ०.०५. भागिले १२, म्हणजे ०.००४१७ लिटर, जवळपास ४.२ मिली. धूर ओढणाऱ्या कपाटात, गॉगल आणि हातमोजे घालून, आधी फ्लास्कमध्ये भरपूर पाणी आणि मग त्यात ॲसिड, हाच क्रम. सल्फ्युरिक ॲसिडच्या बाबतीत क्रम उलटा झाला तर उष्णतेने पाणी उकळून ॲसिड अंगावर उडतं. पिपेट तोंडाने ओढायचं नाही, रबरी बल्ब वापरायचा.

या ०.१ वर मात्र पूर्ण भरवसा ठेवू नका. बाटली उघडली की वायू थोडा थोडा निघून जातो, त्यामुळे ३७ हा आकडा अंदाजाचाच. खरी मोलॅरिटी टायट्रेशनने काढायची.

टायट्रेशनवरून अज्ञात मोलॅरिटी

सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या उघड्यावर ठेवल्या की पाहता पाहता ओलसर होतात, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषतात. म्हणून २५० मिलीत १ ग्रॅम टाकला तर द्रावण ०.१ मोलरच्या आसपास आहे इतकंच म्हणता येतं. त्याची नेमकी मोलॅरिटी आपल्या ऑक्झॅलिक ॲसिडवरून काढू.

पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड शंकूपात्रात घ्या, फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब टाका, ब्युरेटमधून, म्हणजे खुणा आणि तोटी असलेल्या उभ्या नळीतून, सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. गडद गुलाबी झालं म्हणजे पुढे गेलात. तीन रीडिंग घ्या, समजा सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं रीडिंग) ९.८ मिली आलं.

ऑक्झॅलिक ॲसिडच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात. ॲसिडचे मिलिमोल ०.०५०५ गुणिले १०, म्हणजे ०.५०५. हायड्रॉक्साइडचे त्याच्या दुप्पट, १.०१. भागिले ९.८, म्हणजे ०.१०३ मोलर. मिलिमोल भागिले मिली केलं तरी उत्तर मोल प्रति लिटरच येतं, कारण वर-खाली हजार सारखेच कटतात. इथे मिली तसेच ठेवायला हरकत नाही.

विरलनाचं सूत्र, म्हणजे एम१ गुणिले व्ही१ बरोबर एम२ गुणिले व्ही२, टायट्रेशनमध्ये डोळे मिटून वापरू नका. वरच्या उदाहरणात त्याने ०.०५१५ आलं असतं, बरोबर निम्मं. आधी समतोल समीकरण लिहा, मगच आकडे घाला. बारावीच्या पोटॅशियम परमँगनेटच्या प्रयोगात तर परमँगनेटच्या दोन रेणूंना ऑक्झॅलिक ॲसिडचे पाच लागतात, म्हणून तिथे ॲसिडच्या मोलना दोन पंचमांशाने गुणायचं. ॲसिड ०.०५०५ मोलर, १० मिली, आणि रीडिंग १०.१ आलं, तर परमँगनेट ०.०२ मोलर. जुन्या जर्नलमध्ये नॉर्मॅलिटी दिसली तर हेच गुणोत्तर तिच्यात आधीच धरलेलं असतं. ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिड म्हणजे ०.०५ मोलर.

आता हे द्रावण व्हिनेगरवर वापरू. १० मिली व्हिनेगर स्टँडर्ड फ्लास्कमध्ये १०० मिली करा, म्हणजे ते दहापट पातळ झालं. त्यातलं १० मिली घेऊन टायट्रेशन केलं आणि ६.५ मिली सोडियम हायड्रॉक्साइड लागलं. इथे गुणोत्तर एकास एक. ०.१०३ गुणिले ६.५ भागिले १०, म्हणजे ०.०६७ मोलर. मूळ व्हिनेगर त्याच्या दहापट, ०.६७ मोलर. ॲसेटिक ॲसिडच्या ६०.०५ ने गुणलं की लिटरमागे ४० ग्रॅम, म्हणजे ४ टक्के. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर तुमचं काम आणि कंपनीचं काम, दोन्ही ठीक. विरलनाचा दहा विसरून ०.४ टक्के लिहिणारी जर्नल दर वर्षी सापडतात, म्हणून पातळ केल्याबरोबर वहीच्या समासात मोठ्या अक्षरात गुणिले १० लिहून ठेवा.

उत्तर लिहिताना

ब्युरेट ०.१ मिलीपर्यंतच वाचता येते, तेव्हा कॅल्क्युलेटरवरचे सगळे अंक उतरवून ०.१०३०६१ लिहिण्यात अर्थ नाही. तीन अंक पुरेत. मधल्या पायऱ्यांत मात्र एखादा अंक जास्त ठेवा.

बाटलीवर पदार्थाचं नाव, टायट्रेशनने मिळालेली मोलॅरिटी आणि तारीख लिहा. सोडियम हायड्रॉक्साइड घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेच्या बुचाच्या बाटलीत ते बूच अडकून बसतं. काही आठवड्यांनी पुन्हा वापरायचं असेल तर वरचा ०.१०३ तसाच धरू नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो आकडा खाली आलेला असू शकतो. ताज्या ऑक्झॅलिक ॲसिडबरोबर तीन रीडिंग पुन्हा घ्या, आणि जुना आकडा खोडून नवा, नव्या तारखेसह लिहा.